विश्लेषण : अल्झायमर एकाला, आजारपण साऱ्या घराला… कुटुंबांची कोंडी नेमकी कुठे होते?

‘साठी, बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी घरांत इतकी मुरलेली आहे, की घरातील ज्येष्ठ व्यक्ती तोच प्रश्न तासाभरात चौथ्यांदा विचारू लागली तरी कोणाला त्यात आजार दिसत नाही. ‘आता वय झाले’ म्हणत दोन-तीन वर्षे जातात. मग एक दिवस रोजच्या दूध केंद्रावरून परतताना आजोबांना घर सापडत नाही किंवा बँकेत आजींची सही जुळत नाही, आणि सगळे खडबडून जागे होतात. तोवर रुग्णाला स्वतः ठरवता आल्या असत्या अशा अनेक गोष्टी ठरवण्याची वेळ निघून गेलेली असते. अल्झायमर मुळापासून बरा करणारे औषध नाही, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. औषधाशिवाय करण्यासारखे बरेच काही असते आणि ते सुरुवातीलाच करावे लागते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

विसरभोळेपणा कुठे संपतो, आजार कुठे सुरू होतो?

भाजीत मीठ घातले की नाही, हे कोणीही विसरते. पण चाळीस वर्षे होळीला पुरणपोळ्या करणाऱ्या बाईंना डाळ आधी शिजवायची की पुरण आधी वाटायचे याचा क्रमच लागेनासा होतो, तेव्हा तो साधा विसर नसतो. भाचीच्या लग्नात कोण कोण भेटले हे विसरणे वेगळे आणि आपण त्या लग्नाला गेलो होतो हेच विसरणे वेगळे. सुट्ट्या पैशांचा हिशेब न लागणे, नेहमीच्या रस्त्यावर गोंधळणे, बोलताना साधा शब्द न सापडून ‘ते… हे…’ असे अडखळणे, आवडीच्या गोष्टींतून अंग काढून घेणे, ही लक्षणे हळूहळू वाढत जाऊन रोजचे व्यवहार अडू लागले, की डॉक्टरांकडे जायला हवे.

स्मृतिभ्रंश हे एका आजाराचे नाव नाही. वेगवेगळ्या आजारांतून येणारी ती अवस्था आहे. मेंदूचा रक्तपुरवठा बिघडल्यामुळेही ती येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार ६० ते ७० टक्के रुग्णांत त्यामागे अल्झायमर असतो. या आजारात अमायलॉइड नावाचे प्रथिन मेंदूतील पेशींच्या बाहेर साचते आणि टाऊ नावाच्या प्रथिनाचे गुंते पेशींच्या आत तयार होतात. पेशींचा एकमेकींशी असलेला संपर्क तुटतो, मेंदू आक्रसत जातो. पहिले लक्षण घरच्यांच्या नजरेत भरण्याआधी ही पडझड दहा-पंधरा वर्षे चाललेली असू शकते.

तपासणी लवकर करण्याचे आणखी एक कारण आहे. विसरणारी प्रत्येक ज्येष्ठ व्यक्ती अल्झायमरची रुग्ण नसते. ‘बी १२’ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य, काही औषधांचे परिणाम, पडल्यानंतर कवटीच्या आत साचलेले रक्त, यांमुळेही स्मरणशक्ती आणि वागणे बिघडते. आणि या गोष्टींवर उपचार आहेत. वर्षानुवर्षे शाकाहारी आणि त्यातही दूधदुभते कमी खाणाऱ्या वृद्धांत ‘बी १२’ कमी असणे आपल्याकडे दुर्मीळ नाही. ऐकू कमी येणाऱ्या आजोबांना घरचे ‘विसराळू’ ठरवतात, असेही घडते. दुसरी खूण वेगाची. अल्झायमर महिन्या-वर्षांच्या चालीने येतो. कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज सकाळी एकाएकी बरळू लागली, तर लघवीचा किंवा फुप्फुसाचा संसर्ग, शरीरातील सोडियम घटणे अशा कारणांची शक्यता असते आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

भारतात किती जण?

‘लासी-डॅड’ या देशव्यापी अभ्यासाचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की ६० वर्षांवरील ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक आढळले. कमी शालेय शिक्षण हा स्मृतिभ्रंशाच्या धोक्यातील एक घटक मानला जातो आणि आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या ग्रामीण स्त्रियांच्या पिढीला शाळा किती मिळाली, हे वेगळे सांगायला नको. मेंदूविकारतज्ज्ञ मात्र शहरांत एकवटलेले आहेत. जगभरात २०२१ मध्ये सुमारे ५ कोटी ७० लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत होते.

आधी काय जाते आणि काय उरते?

नवी आठवण साठवण्याचे काम मेंदूतील ‘हिप्पोकॅम्पस’ हा छोटासा भाग करतो आणि अल्झायमरचा मार बहुधा तिथेच आधी बसतो. त्यामुळे सकाळचा नाश्ता पुसला जातो, पण १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेल्याची आठवण तपशिलासह शाबूत असते. घरच्यांचा गोंधळ इथेच होतो. ‘पन्नास वर्षांपूर्वीचे सगळे आठवते, मग आत्ताच सांगितलेले कसे आठवत नाही? मुद्दाम करतात!’ हे वाक्य अनेक घरांत ऐकू येते. मुद्दाम काही होत नसते. जुने आधीच कोरलेले असते, नवे कोरलेच जात नाही.

हाताला, जिभेला लागलेल्या सवयी आणखी उशिरापर्यंत टिकतात. मुलीचे नाव न आठवणाऱ्या आजी हरिपाठाचे अभंग सुरात सुर मिळवून म्हणतात, रामरक्षा सुरू करून दिली तर पुढे नेतात, लसूण सोलायला दिला तर हात आपोआप चालतात. हे उरलेले भांडवल वापरता येते. दुपारी निवडायला दिलेले तांदूळ नंतर पुन्हा डब्यात गेले तरी बिघडत नाही. त्या अर्ध्या तासात घर शांत राहते आणि आजींना आपण उपयोगी आहोत असे वाटते.

भावनेचे आणखी वेगळे आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी प्रसंगांच्या चित्रफिती दाखवल्या. काही मिनिटांतच त्यांतील बरेचसे तपशील त्यांच्या स्मरणातून गेले. मनात उमटलेले दुःख किंवा आनंद मात्र त्यानंतरही टिकून राहिला. म्हणजे सकाळी आजोबांवर ओरडलेले ते दहा मिनिटांत विसरतात, ही समजूत अर्धीच खरी आहे. कोण ओरडले आणि का, हे जाते. दुखावलेपण राहते आणि दुपारी ते का चिडले याचे उत्तर घरात कोणालाच सापडत नाही.

घरातल्यांवरच संशय का?

हा प्रश्न आजाराइतकाच जुना आहे. जर्मनीत फ्रँकफर्टमधील रुग्णालयात नोव्हेंबर १९०१ मध्ये ऑगुस्ट डेटर या ५१ वर्षांच्या स्त्रीला दाखल करण्यात आले. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिला नाव विचारले, तिने ते सांगितले. नवऱ्याचे नाव विचारले, तर तिने पुन्हा स्वतःचेच सांगितले. जेवताना ताटात फ्लॉवर आणि मांस असताना ‘काय खाता आहात’ या प्रश्नावर तिचे उत्तर होते, पालक. १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर डॉ. अल्झायमर यांनी तिच्या मेंदूत थर आणि गुंते पाहिले आणि पुढे आजाराला त्यांचे नाव मिळाले. वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत हा इतिहास सर्वत्र असतो. त्यातील एक तपशील मात्र सहसा नजरेआड होतो. डॉ. अल्झायमर यांनी १९०७ मध्ये लिहिलेल्या टिपणात या स्त्रीचे पहिले ठळक लक्षण म्हणून विसराळूपणाची नोंद नाही. नोंद आहे ती नवऱ्यावरील संशयाची.

मराठी घरांत हा संशय वेगवेगळ्या रूपांत येतो. ‘माझ्या पाटल्या कोणी घेतल्या?’ हा त्यातला नेहमीचा. आजींनी पाटल्या स्वतःच तांदळाच्या डब्यात लपवलेल्या असतात, लपवल्याचे विसरलेले असते. रिकामी पेटी दिसते तेव्हा मेंदू जमेल ते स्पष्टीकरण रचतो आणि समोर जी व्यक्ती दिवसभर वावरते तिच्यावर आळ येतो. ती बहुधा सून असते किंवा कामाला येणारी बाई. ‘मला दोन दिवस जेवायला दिले नाही’ हे शेजारच्या काकूंना सांगणे, हा दुसरा प्रकार. जेवण होऊन तासही झालेला नसतो. शेजारी ऐकून घेतात, नात्यात बातमी जाते आणि चोवीस तास राबणाऱ्या बाईला छळ करणारी ठरवले जाते.

अशा वेळी पुरावे देऊन वाद जिंकता येत नाही. ‘आत्ताच तर जेवलात’ म्हटल्याने भूक लागल्याची जाणीव जात नाही. ‘चला, थोडा चिवडा खाऊ’ म्हटल्याने जाते. पाटल्यांच्या बाबतीत ‘आपण दोघी मिळून शोधू’ एवढे पुरते. शोधायच्या तीन-चार जागा कोणत्या, हे घरातील माणसांना लवकरच पाठ होते. खरे सोने वेळीच लॉकरमध्ये हलवून हाती खोट्या पाटल्या ठेवण्याचा व्यावहारिक मार्गही अनेक घरे काढतात. त्यात फसवणूक वाटून अपराधी वाटण्याचे कारण नाही.

तिन्हीसांजेला ‘मला घरी जायचंय’ असे का म्हणतात?

दिवेलागणीच्या सुमारास अनेक रुग्णांची घालमेल वाढते. दिवसभराचा थकवा, कमी होणारा उजेड, लांबणाऱ्या सावल्या, झोपेचे बिघडलेले चक्र, या सगळ्याचा तो परिणाम मानला जातो. स्वतः बांधलेल्या घरात उभे राहून आजोबा ‘चला, मला घरी जायचंय’ म्हणतात, पिशवी भरतात, दाराशी जाऊन बसतात. हे ‘घर’ बहुतेकदा लहानपणचे असते. आजींच्या बाबतीत ते माहेर असते आणि त्या ज्या आईची वाट पाहत असतात ती जाऊन चाळीस वर्षे झालेली असतात. ‘तुमची आई गेली’ हे सांगितले तर त्यांच्यासाठी ती त्या क्षणी जाते आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा जाते. त्यापेक्षा ‘आई काय करायची हो संध्याकाळी?’ असे विचारले तर बोलणे वळते. संध्याकाळ होण्याआधीच घरातले दिवे लावणे, दुपारची झोप आटोक्यात ठेवणे, दुपारनंतरचा चहा कमी करणे, यानेही फरक पडतो.

घराबाहेर पडून हरवणे ही मात्र जिवाशी गाठ असते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी उभे केलेले संस्कृत पंडित हत्तीच्या मागे चालत जातात आणि हरवतात. मुलीची नजर वळली होती ती काही क्षणच. प्रत्यक्षातही असेच घडते; चोवीस तास कोणी डोळ्यांत तेल घालून बसू शकत नाही. म्हणून दाराला वरच्या किंवा अगदी खालच्या बाजूला कडी, खिशात किंवा गळ्यात नाव आणि फोन क्रमांक, मोबाइलमध्ये अलीकडचे छायाचित्र, सोसायटीचा रखवालदार, वाणी आणि रिक्षा थांब्यावरचे चालक यांना कल्पना, अशी तयारी आधीच करावी लागते. मुंबईत गेल्या काही वर्षांत क्यूआर कोड असलेली लॉकेटही वापरली जाऊ लागली आहेत. ते मोबाइलने स्कॅन केले की घरचा क्रमांक मिळतो. यात आड येते ती लाज. ‘लोकांना कशाला सांगायचे’ म्हणून ज्या शेजाऱ्यांपासून आजार लपवला जातो, आजोबांना चौकात सर्वात आधी ओळखणारे तेच असतात.

सारा भार एकाच व्यक्तीवर का पडतो?

महाराष्ट्रातील मानसिक आरोग्याच्या स्वमदत गटांनी रुग्णासाठी ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणाऱ्यासाठी ‘शुभंकर’ असे शब्द रूढ केले आहेत. शब्द सुंदर आहे. पण बहुतेक घरांत शुभंकर एकच असतो आणि तो ‘ती’ असते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या शुश्रूषेचे जगभरातील सुमारे ७० टक्के तास स्त्रिया देतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पत्नी असेल तर तिचे स्वतःचे वय सत्तरीचे आणि गुडघे दुखरे. मुलगी किंवा सून असेल तर नोकरी अर्धवेळ होते, मग सुटते. रात्री तीनदा उठावे लागते, कारण रुग्णाला रात्र आणि दिवस सारखेच. पुढे आंघोळ घालणे, डायपर बदलणे, घास गिळतो की नाही हे पाहणे येते. निदानानंतर हे आठ-दहा वर्षेही चालू शकते. कर्करोगाच्या रुग्णाला भेटायला माणसे येतात. इथे पहिल्या वर्षानंतर येणे कमी होते, कारण ‘ओळखतच नाहीत, येऊन काय करणार?’

भावंडांमधील तेढ हा या आजाराचा सहसा न मोजला जाणारा खर्च. अमेरिकेत किंवा बेंगळूरुत असलेला मुलगा रविवारी व्हिडीओ कॉल करतो. आई हसते, ‘जेवलास का?’ विचारते, दहा मिनिटे छान बोलते. ‘आई तर ठणठणीत आहे, ताई उगाच बाऊ करते’ असा त्याचा समज होतो. सुरुवातीच्या टप्प्यात रुग्ण थोड्या वेळासाठी सगळे बळ एकवटून नीट वागू शकतात. त्यानंतरचे थकलेले, चिडचिडे चार तास कॉलवर दिसत नाहीत. यावर सल्ल्यापेक्षा अनुभव बरा. दूरच्या भावंडाने वर्षातून दोन आठवडे एकट्याने आईला सांभाळावे आणि ताईने त्या काळात घराबाहेर राहावे. वाद बऱ्याच अंशी मिटतात.

पैशांचे गणितही अवघड आहे. सत्तरीपुढील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण देणे बंधनकारक आहे. तरी घरी येणाऱ्या आयाबाईंचा पगार, डायपर, पाण्याची गादी हा दरमहाचा खर्च सामान्यतः कुठल्याच योजनेत बसत नाही. आणि अल्झायमरमध्ये खरा खर्च तोच असतो.

सही करता येते तोवरच काय करून ठेवायचे?

कुटुंबे सर्वाधिक अडकतात ती इथे, आणि त्याची कल्पना आधी कोणालाच नसते. वडिलांच्या एकट्याच्या नावावर मुदत ठेव आहे, आजारपणासाठी ती मोडायची आहे आणि वडिलांना सही करता येत नाही. हात थरथरत असेल तर साक्षीदारांसमोर अंगठा घेण्याची सोय बँकांत आहे. पण आपण कशावर अंगठा देत आहोत हेच कळत नसेल, तर त्या अंगठ्याला अर्थ उरत नाही.

‘कुलमुखत्यारपत्र करून ठेवले आहे’ असे म्हणून अनेक जण निर्धास्त असतात. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २०१ सांगते, की ज्याने अधिकार दिला त्याची बुद्धी शाबूत राहिली नाही, तर दिलेला अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी कुलमुखत्यारपत्र केले, नेमक्या त्याच दिवशी ते कायद्याने निकामी होते. इंग्लंडसारख्या देशांत क्षमता गेल्यानंतरही टिकणाऱ्या मुखत्यारपत्राची तरतूद आहे. तशी ती आपल्याकडे नाही. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाच्या मालमत्तेसाठी न्यायालयाकडून व्यवस्थापक नेमून घेण्याची वाट होती. २०१७ च्या कायद्याने रुग्णांना अनेक हक्क दिले, मात्र ही वाट त्यात राहिली नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात पालक नेमण्याची सोय आहे, पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांपुरती. उरतो तो उच्च न्यायालयाचा दरवाजा. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली केलेल्या अर्जांवर मुंबई उच्च न्यायालयासह काही उच्च न्यायालयांनी कुटुंबीयांना पालक नेमले आहे. वैद्यकीय अहवाल, वकील, तारखा हे सगळे त्यात आलेच; आणि बुलढाण्याच्या किंवा सावंतवाडीच्या घरासाठी उच्च न्यायालय म्हणजे किती लांबचा पल्ला, हे सहज समजावे.

म्हणून निदान झाल्याबरोबर, रुग्ण विचार करून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकतो तोवर, काही कामे उरकावी लागतात. बँक खाते ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीने संयुक्त करणे, सर्व ठेवींवर नामनिर्देशन, विमा आणि घराचे कागद एका ठिकाणी, इच्छापत्र. सौम्य स्मृतिभ्रंश असला म्हणून इच्छापत्र करता येत नाही असे नाही. करताना आपण काय करतो आहोत हे समजत असणे कायद्याला पुरेसे असते. मात्र नंतर वाद नको म्हणून त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडणे शहाणपणाचे. २०१७ च्या कायद्यानुसार आपल्यावर पुढे कसे उपचार व्हावेत याची लेखी इच्छा आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधीही नेमून ठेवता येतो; हा अधिकार उपचारांपुरताच असतो, मालमत्तेला लागू होत नाही. नोव्हेंबरात लागणाऱ्या हयातीच्या दाखल्यासाठी आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही काम होते, त्यामुळे आजोबांना बँकेच्या रांगेत नेण्याची एक तरी फरपट वाचते.

या कामांना घरातले कचरतात. ‘बाबांना काय वाटेल?’ हा प्रश्न असतो. बाबांना बहुतेकदा स्वतःला काय होते आहे याची चाहूल घरच्यांच्या आधी लागलेली असते. त्यांनी वहीत क्रमांक लिहून ठेवायला सुरुवात केलेली असते, चार माणसांत बोलणे टाळलेले असते. त्यांना विचारणारे कोणी नसते, एवढेच.

औषधे काय करू शकतात?

थोडे. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलॅन्टामिन आणि मेमँटिन ही वर्षानुवर्षे वापरातली औषधे काही रुग्णांत लक्षणे काही काळ सावरून धरतात. अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेले लेकॅनेमॅब हे अमायलॉइड काढून टाकणारे औषध आहे. दीड वर्षाच्या चाचणीत त्याने घसरणीचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी केला. ते सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांसाठीच आहे, शिरेतून वारंवार द्यावे लागते आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना, यासाठी एमआरआयने लक्ष ठेवावे लागते. गेलेली स्मृती त्याने परत येत नाही.

रात्रीच्या आरडाओरड्याला कंटाळून ‘शांत करणारी गोळी’ मागितली जाते. या गटातील अनेक औषधांनी स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकी औषध नियामकांनी २००५ मध्येच दिला होता. तज्ज्ञ ती देतात तेव्हा कमी मात्रेत आणि थोड्या काळासाठी देतात. शेजारच्या आजोबांची चिठ्ठी दाखवून दुकानातून ती आणणे धोक्याचे आहे.

गोव्यातील प्रयोगात काय आढळले?

स्मृतिभ्रंशावरील संशोधनाच्या एका आंतरराष्ट्रीय गटाचे नावच ‘१०/६६’ आहे. जगातील ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत आणि त्यांच्यावरील संशोधन १० टक्क्यांहूनही कमी, या विषमतेवरून ते पडले. या गटाशी संबंधित संशोधकांनी सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी गोव्यात लोकांशी बोलून पाहिले, तेव्हा लक्षणे सगळ्यांच्या ओळखीची निघाली, पण ती वयाचा भाग समजली जात होती. डॉक्टरांकडे असे रुग्ण क्वचित जात, गावपातळीवरील आरोग्य सेविकांना मात्र ते माहीत होते. आणखी एक गोष्ट पुढे आली. मुलांनी माया केली नाही, दुर्लक्ष केले, म्हणून म्हाताऱ्या माणसाचे असे होते, अशी समजूत लोकांत होती. म्हणजे जे घर सांभाळते, दोषही त्याच्याच माथी.

त्यानंतर ‘संगत’ या संस्थेतील संशोधकांसह गोव्यातील दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांबरोबर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या कुटुंबांकडे सहा महिने ‘गृह-सल्लागार’ जात राहिले. हे सल्लागार डॉक्टर किंवा परिचारिका नव्हते. बारावीपर्यंत शिकलेली, स्थानिक भाषा बोलणारी ही माणसे. त्यांना आठवडाभराचे प्रशिक्षण दिलेले होते आणि गरज पडेल तेव्हा मदतीला मानसोपचारतज्ज्ञ होते. साधारण पंधरवड्याला एकदा ते घरी जात. आजार काय आहे हे सांगत, आंघोळीला विरोध झाला तर काय करायचे, रात्रीच्या भटकण्याला काय करायचे हे समजावत, नातेवाइकांनी कामे वाटून घ्यावीत म्हणून त्यांच्याशी बोलत, सरकारी योजनांची माहिती देत. आणि सांभाळणाऱ्या बाईचे ऐकून घेत.

सहा महिन्यांनंतर रुग्णांच्या वागण्यात म्हणावा असा ठोस फरक आढळला नाही. फरक पडला तो सांभाळणाऱ्यांत. त्यांचे मानसिक आरोग्य सुधारले आणि रुग्णाच्या त्याच वागण्याचा त्यांना होणारा त्रास घटला.

महाराष्ट्रातील घरांना आज मिळू शकणारी मदत विखुरलेली आहे. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही १९९२ पासून काम करणारी संस्था कुटुंबांना मार्गदर्शन करते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ आहे आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ ही ‘टेली-मानस’ सेवा. दुसऱ्या क्रमांकावर सांभाळणारी व्यक्ती स्वतःच्या थकव्याबद्दलही बोलू शकते. आणि गावागावांत आशा सेविका आहेत. घरोघरी जाऊन असंसर्गजन्य आजारांची तपासणी करताना त्यांच्या हाती जी प्रश्नावली असते, तिच्यात साठीपुढील व्यक्तींसाठी एक प्रश्न आहे : जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घरचा पत्ता विसरता का? उत्तर ‘हो’ आले, की त्या व्यक्तीला वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवायचे असते. घरात त्या व्यक्तीला कोण सांभाळते आणि तिला शेवटची सलग झोप कधी मिळाली, हा प्रश्न त्या यादीत नाही.